डेन्व्हर आणि तेथील जुने सूत्रधार

अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानची राजधानी डेन्व्हर ही समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे ५२८० फूट, उंच आहे, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. वाचकांनीं आपल्या कळसूबाईचें शिखर डोळ्यांपुढें आणावें. त्याहून अवघें शे-सव्वाशें फूट खालीं अफाट सपाट मैदान आणि त्यावर लाखों वस्तीचें शहर, अशी कल्पना केली म्हणजे डेन्व्हरचें स्थान ध्यानीं येईल. महाबळेश्वरही त्याच्या खालींच राहील. डोंगर चढून आल्याचा भास मात्र येथें मुळींच होत नाहीं. पर्वत दिसतो तो पश्चिमेस दूर, निळसर व हिमाच्छादित.

त्या 'बरोबर एक मैला'ची खूण सोनेरी घुमटाच्या सरकारी सभागृहाच्या पायऱ्यांवर आहे. आणि ती एक नसून तीन आहेत. पंधराव्या पायरीवर तशीं अक्षरें कोरलेलीं; १९६९ सालीं पुन्हां मोजणी होऊन अठराव्या पायरीवर पितळी खूण आली; २००३ सालीं आणखी सूक्ष्म मोजणी होऊन तेराव्या पायरीवर तिसरी बसली. पहिल्या दोन कोणीं काढून टाकल्या नाहींत. हें औदार्य आम्हांस फार आवडलें.

परंतु या गांवाचें खरें देवस्थान निराळेंच आहे. साउथ प्लॅट नदीच्या पश्चिमेस फुटबॉलचें प्रचंड क्रीडांगण आहे. २००१ सालीं उघडलेल्या या वास्तूंत ७६ हजारांवर प्रेक्षक बसतात. वर एक अजस्र पांढरा घोडा मागल्या पायांवर उभा आहे; कारण संघाचें नांव 'ब्रॉन्कोज', म्हणजे न वठलेले रानघोडे. आम्ही गेलों तेव्हां सामन्याचे दिवस नव्हते, व रिकाम्या आसनांच्या रांगा पाहून आम्हीं परतलों. आमचे यजमान मूळचे पुण्याचे. प्रतिपक्षाची फेंक वायां गेली कीं सारें क्रीडांगण 'इन्-कम्-प्लीट' असें तुकडे पाडून कसें गर्जतें, हें त्यांनीं आम्हांस साभिनय दाखविलें. त्यांच्या घरच्या आजींनाही 'क्वार्टरबॅक' कोण हें ठाऊक होतें!

आमच्या ज्या वाचकांस तें ठाऊक नसेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा. हा फुटबॉल आपल्या मुलांचा नव्हे. चेंडू लांबट, तो हातीं धरून पळावयाचें किंवा फेंकावयाचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकतां न आल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं तो क्वार्टरबॅकच्या हातीं येतो, आणि समोरचा व्यूह ओळखून पुढें काय करावयाचें तें त्यानें दोनतीन सेकंदांत ठरवावयाचें. तो संघाचा सूत्रधार होय. दंडांत बळ असतें तेव्हां अनुभव नसतो, आणि अनुभव येतो तों दंड दुखूं लागतो, ही त्या पदाची अडचण.

डेन्व्हरनें या अडचणींतून वारंवार एकच वाट काढली. १९६० सालीं संघ निघाला तेव्हां फ्रँक ट्रिपका हे शिक्षकाच्या कामास आले होते. पण सरावांत तरुणांची फेंक इतकी दीन ठरली कीं त्यांनाच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, मैदानांत उतरावें लागलें. १९७७ सालीं न्यूयॉर्कहून चौतीस वर्षांचे क्रेग मॉर्टन आणले गेले. त्या हंगामांत संघ चौदांपैकीं बारा सामने जिंकून प्रथमच सुपर बोल या अंतिम सामन्यास पोंचला व तेथें हरला. पुढें जॉन एल्वे यांनीं तरुणपणीं तीनदां तोच सामना हरून, सदतिसाव्या वर्षीं, जानेवारी १९९८ मध्यें, अखेर जिंकला. त्या दिवशीं त्यांच्या फेंकीवर एकही गोल झाला नाहीं; भार वाहिला तो टेरेल डेव्हिस या तरुण धांवपटूनें. पुढच्या वर्षीं मात्र सर्वोत्तम खेळाडू स्वतः एल्वेच ठरले, आणि मग ते निवृत्त झाले.

हेच एल्वे पुढें संघाचे कारभारी झाले, आणि मार्च २०१२ मध्यें त्यांनीं पेटन मॅनिंग यांस आणलें. मॅनिंग तेव्हां छत्तिशीच्या उंबरठ्यावर होते. मानेवर एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्यानें आदलें सबंध वर्ष ते खेळले नव्हते, व ज्या इंडियानापोलिसच्या संघासाठीं त्यांनीं नांव कमावलें त्यानें त्यांस मुक्त केलें होतें. त्यांचा १८ हा अंक ट्रिपकांच्या सन्मानार्थ डेन्व्हरनें राखून ठेवला होता. ट्रिपका तेव्हां हयात होते. तो अंक मॅनिंग यांनीं घालावा, अशी संमति त्यांनीं आनंदानें दिली. घरचा जुना शालजोडा थोरल्या जांवयाच्या खांद्यावर घालावा, तसा हा प्रसंग!

आदल्या वर्षीं सोळांपैकीं आठ जिंकणारा संघ पहिल्याच हंगामांत तेरा जिंकला. २०१३ सालीं तर मॅनिंग यांनीं गोलाच्या ५५ फेंकी करून नवा विक्रम केला. आणि त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यांत सिअॅटलनें ४३-८ असा धुव्वा उडविला. एवढ्या वैभवानंतर एवढा पाडाव आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

२०१५ च्या हंगामांत वय दिसूं लागलें. पाय दुखावला; गोलाच्या फेंकी नऊ, तर प्रतिपक्षानें मध्येंच झेललेल्या सतरा. कांहीं आठवडे तरुण ब्रॉक ऑस्वायलर खेळले व मॅनिंग बाजूस बसले. लोकांनीं आशा सोडली असती तर नवल नव्हतें. पण ते परतले, आणि ७ फेब्रुवारी २०१६ रोजीं डेन्व्हरनें कॅरोलिनास २४-१० असें हरविलें. याही वेळीं मॅनिंग यांच्या फेंकीवर गोल नव्हता. सामना जिंकला तो संरक्षक फळीनें, त्यांतही व्हॉन मिलर यांनीं. मॅनिंग यांनीं त्या दिवशीं केलें तें इतकेंच कीं आपल्याकडून होणार नाहीं असें कांहीं करावयास ते गेले नाहींत. पंचावन्न फेंकींपेक्षां आम्हांस हें अधिक कठीण वाटतें. महिन्याभरांत त्यांनीं निवृत्ति जाहीर केली.

त्यानंतर डेन्व्हरनें तीच वाट आणखी दोनदां धरली. २०१९ मधील जो फ्लॅको मानेच्या दुखण्यानें अर्ध्या हंगामांतच थांबले. २०२२ मध्यें मोठी किंमत मोजून आणलेल्या रसेल विल्सन यांच्या पहिल्या वर्षीं संघ सतरांपैकीं पांचच सामने जिंकला, आणि मार्च २०२४ मध्यें त्यांस निरोप मिळाला. त्याच वर्षीं नवशिक्या बो निक्स यांस उभें केलें, तों संघ दहा सामने जिंकून, २०१५ नंतर प्रथमच, बाद फेरीस पोंचला. आमच्या यजमानांच्या मुलानें निक्स यांच्या अंकाचा सदरा मागितला आहे. वडील अजून अठराच घालतात.