वाशीमची वरणफळे

वाकाटकांची वत्सगुल्म नगरी म्हणजे आजचे वाशीम. १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तूर भरपूर पिकते, आणि पावसाळी संध्याकाळी घरोघरी वरणफळे रटरटतात. इटलीत बटाट्याच्या अशाच मऊ गोळ्यांना न्योकी म्हणतात. ते पाण्यात उकळतात. आमची कणकेची फळे वरणातच शिजतात.

गेल्या श्रावणात पद्मतीर्थाजवळच्या माहेरी गेले. दात गेल्यापासून आई वेगळी बसून पातळ खिचडी खात असे. पंगत तिने सोडलीच होती.

वहिनीने तेलाचे मोहन घालून कणीक मळली, पोळी लाटून नखाएवढे तुकडे कापले. घोटलेल्या तूरडाळीत पाणी, हळद, चिंच व गूळ घालून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. खळखळून उकळी आल्यावर तुकडे एकेक करून सोडले, म्हणजे ते चिकटत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी एक तुकडा दोन बोटांत सहज चेपला गेला.

वृद्धांसाठी तुकडे लहानच असावेत, मीठ-तिखट बेताचे. मधुमेह असल्यास गूळ वगळावा. ताठ बसवून, सावकाश जेवू द्यावे. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर हा पदार्थ देण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

त्या रात्री आई आमच्या पंगतीत बसली. वाटी पुढे करून सुनेला म्हणाली, "अजून थोडी वाढ गं."