आंब्याची वाट

आमच्या गणपतीपुळ्याचा हापूस बेळगावला निघाला, की घरात एकच घोष – ‘लवकर!’ मी मात्र म्हणतो, ट्रकची वाट आंब्याच्या घाईने नव्हे, ड्रायव्हरच्या झोपेने आखावी. आरे-वारेचा किनारा देखणा खरा, पण वळणे अवघड. भरल्या गाडीने चाफे, निवळी, हातखंबा हीच वाट धरावी. आंबा घाट दिवसाउजेडी चढावा. कोल्हापूरपुढे कागल ओलांडले की राज्य बदलते. परमिट, विमा हाताशी हवेत. मोटार कामगाराला ८ तासांचा दिवस आणि ५ तासांच्या आत अर्ध्या तासाचा विसावा कायद्याने १९६१ सालीच दिला. तो विसावा आधीच हिशेबात धरावा. आंबा काय, पेटीतल्या गवतात वाटेतही पिकतो. बुडालेली झोप मात्र घाटातल्या वळणावर भरून काढता येत नाही.