अंगणातले झाड निवडताना

नवीन घर बांधले की पडदे कोणते, फरशी कोणती, यावर आपण आठ-आठ दिवस चर्चा करतो. अंगणातल्या झाडाचा निर्णय मात्र रोपवाटिकेत दोन मिनिटांत होतो! खरे तर पडदे चार वर्षांनी बदलता येतात. झाड मुला-नातवंडांपर्यंत पुरते.

आमच्याकडे पश्चिमेची खोली सासूबाईंची. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या वर; दुपारी तीननंतर ती भिंत तव्यासारखी तापते. जागा एकाच झाडापुरती. ह्यांना गुलमोहर हवा होता, मुलीला बहावा आणि मला सावली.

शाळेत मी मुलींना सांगते, "आधी प्रश्न नीट वाचा." तसेच केले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो देखणा, पण फांद्या ठिसूळ, वादळवाऱ्यात मोडतात. बहावा आपलाच, पण पिवळे घोस लागतात तेव्हाच, ऐन उन्हात, पाने झडलेली असतात. (शेंगेतल्या गराने जुलाब होतात, हे लहान मुलांच्या आयांनी लक्षात ठेवावे.) शेवगा स्वयंपाकाला उत्तम, पण त्याच्यावर केसाळ सुरवंट फार. वड-पिंपळाची मुळे भिंतीत शिरतात. उरले करंज आणि कडुनिंब. दोघेही दाट सावलीचे, कमी पावसात तगणारे. सासूबाई म्हणाल्या, "दर पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा शेजारी मागावा लागतो गं!" झाले, वाद मिटला.

लावायची रीत सोपी आहे. भिंतीपासून निदान 10-12 फूट अंतर सोडावे. उन्हाळ्यातच दोन-अडीच फुटांचा खड्डा खणून तापू द्यावा. त्यात पोयट्याची माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालावी. चांगला पाऊस झाला की रोप लावावे. पहिले 2-3 उन्हाळे मात्र पाणी द्यावेच लागते. तळाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून एक मडके रोपाशेजारी पुरावे, म्हणजे थेंबथेंब पाणी मुळांना मिळते. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेले पाणीही वाया घालवू नये. आळ्यात पालापाचोळा पसरला की ओल टिकते.

आमचे रोप सध्या कमरेइतके आहे. खोलीवर सावली यायला अजून काही वर्षे लागतील. तोवर खिडकीला वाळ्याचा पडदा आहेच. सासूबाईंचे वय पाहता माझ्या मनात येते ते त्यांच्याही येत असणारच. पण रोज सकाळी मडक्यात पाणी त्याच घालतात, दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत.

तुम्हीही रोप आणायला जाण्यापूर्वी एक दिवस घरात ऊन कुठून आणि किती वाजता येते ते पाहा. झाड कोणते हवे ते त्यावरूनच कळेल.