तांब्या कुठल्या हातात होता?

गेल्या महिन्यात सांगलीला ताईकडे गेलो होतो. जेवताना भाचीनं विचारलं, “मामा, सिनेमात काम करायला काय शिकावं लागतं?” ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे खूळ मीच पोरीच्या डोक्यात भरलंय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. सांगली नाट्यपंढरी झाली. पण पोटच्या पोरीनं त्या वाटेला जाऊ नये, हे घरोघरी कायम आहे.

मी वाईकडचा. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ (२००४) चित्रित झाला. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश. गाव आमचं, पाटी दुसऱ्याची. मीही अशाच एका शूटिंगला गर्दी आवरायला उभा राहिलो. पात्रता दोनच : मोठा आवाज आणि गल्लीबोळांची माहिती. पुढे मुंबईत सहायक दिग्दर्शक झालो. कंटिन्युइटीची वही माझ्याकडे आली.

एका प्रसंगात नायिकेचा तांब्या कुठल्या हातात होता, हे लिहायचं राहिलं. जवळून शॉट घेताना तो दुसऱ्या हातात गेला. चूक एडिटिंगला कळली, तोवर सेट मोडला होता. तो सिनेमा टीव्हीवर लागला की आजही मला नायिका दिसत नाही, तांब्या दिसतो.

भाचीला हे सांगितलं. मग खात्यांची माहिती दिली. दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग, ध्वनी यांचं शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मिळतं. पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. कलादिग्दर्शनात चित्रकला किंवा आर्किटेक्चर शिकलेले बरेच येतात. मेकअप, वेशभूषा, लाइट ही कामं बहुतेक जण कुणाच्या तरी हाताखालीच शिकतात. मुंबईत जवळपास प्रत्येक खात्याची वेगळी संघटना आहे, तिचं कार्ड काढावं लागतं. प्रमाणपत्रानं पहिल्या दिवशी आत घेतात. दुसऱ्या कामाला बोलावणं येतं ते वेळ पाळण्यावर आणि डोळे उघडे ठेवण्यावर.

भाषेचंही सांगितलं. सुरुवातीला माझ्या बोलीला सेटवर हसायचे. २०१७ साली ‘लागिरं झालं जी’ आली आणि साताऱ्याकडची पोरं स्वतःच्या बोलीत, स्वतःच्याच मातीत पडद्यावर दिसली. ज्याची लाज वाटायची, तीच पात्रता ठरली.

“पैसे वेळेवर मिळतात का?” ताईनं नेमकं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. एका सिनेमाचा शेवटचा हप्ता अजून आलेला नाही. श्रेयनामावलीत नावही नव्हतं. त्या वर्षी घरभाडं दाजींनी भरलं होतं, हे ताईला ठाऊक होतं. ती गप्प राहिली.

भाचीनं मोबाइल पुढे केला. पहाटे आयर्विन पुलाखाली तिनं आवाज टिपले होते : पाणी, धुणं, लांबची घंटा, वरून जाणारी एसटी. वाईवरून येणारी आमचीच कृष्णा. इतकी वर्षं नदीकाठी राहून मी ती अशी ऐकली नव्हती.

“मला हे करायचंय,” ती म्हणाली.

“मग ध्वनी. पण त्यासाठी पदवी तर हवीच, शिवाय बारावीला फिजिक्स लागतं.”

तिचा चेहरा पडला. सहामाहीत त्याच विषयानं घात केला होता.

ताईनं मात्र माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.