पांढऱ्या साडीवरचे काळे ठिपके

२०२४ सालच्या जयंतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. १४ एप्रिलला नेसायची म्हणून मी पेटीतली पांढरी साडी बाहेर काढली. वर्षातून तीन-चार वेळाच ती अंगाला लागते. घडी उलगडली तर पदराच्या दुमडीत खसखशीएवढे काळे ठिपके. झटकले तरी जाईनात. ओल्या बोटाने चोळले तर तांबूस डाग पसरला. पेटीच्या बिजागरीजवळ निरखून पाहिले आणि अंगावर काटा आला. ढेकूण!

आमचे घर सोलापूरच्या बुधवार पेठेत. दोन खोल्या, वर पत्रा. आमचे हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर असतात. मी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून एप्रिल-मे ही आमची सुगी. त्या दिवशीही कोपऱ्यात निळ्या शर्टांचा गठ्ठा होता. साठ शर्ट. ढेकूण त्यात शिरले असतील तर कुणाच्या तरी लेकराच्या अंगावर जाणार. आणि माल देणाऱ्या शेठना कळले तर माझे काम जाणार.

लेक पुण्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात राहते. जयंतीसाठी दोनच दिवसांपूर्वी आली होती आणि तिची बॅग खाटेखाली होती. मी मागचापुढचा विचार न करता तिच्यावर ओरडले, "तुझ्याच बॅगेतनं आलं हे! नीट स्वच्छ राहता येत नाही का तुला?" ती काही बोलली नाही. पेटीतले ढेकूण दोन दिवसांचे नसणार, एवढेही माझ्या लक्षात आले नाही. रात्री दिवा मालवल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, महिन्यापूर्वी आमच्या खोलीत ढेकूण निघाले. मुलींनी काही न बघताच ठरवलं की ते माझ्या घरनं आले. वस्तीतनं येतेस ना तू, असं एक जण म्हणाली. आणि आज तू पण मलाच बोललीस."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती ढेकणांमुळे नव्हे.

आमच्या आईच्या पिढीने स्वच्छता हाच स्वाभिमान मानला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना राहणी आणि कपड्यालत्त्याविषयी जे सांगितले, ते आमच्या घरातल्या बायकांनी गाठीला बांधले. आईच्या लुगड्याला ठिगळ असे, पण मळ नसे. म्हणूनच ढेकूण दिसताच मला घराची अब्रू गेल्यासारखे वाटले. पण भगिनींनो, ढेकूण मळ खात नाही. तो रक्त पितो. माणूस जिथे झोपतो तिथे तो राहतो. जुन्या गादीतून, गाडीच्या बाकावरून, पाहुण्याच्या पिशवीतून तो येतो. २०२३ साली पॅरिससारख्या शहरात ढेकणांनी केवढा गहजब झाला होता! मग आमच्या पोरीलाच वस्तीचा टोमणा का? ढेकणाच्या चाव्याने माणसाला रोग लागतो असेही कुठे सिद्ध झालेले नाही. खाज सुटते, गांधी उठतात, झोप मोडते. हा त्रास खरा, पण त्यात लाज कसली?

जयंती झाली आणि मी कामाला लागले. पहिली चूक तिथेच केली. सगळे कपडे, चादरी, अभ्रे साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातले आणि सकाळी आपटून धुतले. वाटले, संपले. दहा-बारा दिवसांनी उशीच्या शिवणीत बारीक, पिवळट, जवळजवळ आरपार दिसणारी पिल्ले निघाली. लेकीने सांगितले ते असे. गार पाण्यात बराच वेळ भिजवले तर हिंडते-फिरते ढेकूण मरतात, पण अंडी मरत नाहीत. अंडे मिलिमीटरभर, पांढुरके, शिवणीला चिकटलेले असते. उन्हाळ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत ते फुटते.

मग मारायचे कशाने? उष्णतेने. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी २०११ साली हे मोजून दाखवले आहे. ४५ अंश सेल्सिअसला मोठे ढेकूण मरायला दीड तास लागतो, पण अंड्यांना सात तास. ४८ अंशांना मोठे ढेकूण वीस मिनिटांत मरतात आणि अंडी सव्वा तासाच्या आत. ५५ अंशांना मात्र अंडेसुद्धा लगेच मरते. म्हणजे कपडा आतपर्यंत किती तापला, यावर सगळे अवलंबून आहे.

मी म्हटले, सोलापूरचे ऊन आहे की! पारा ४२-४३ वर होता. पण नुसते दोरीवर वाळत घालून भागत नाही. हवा कपड्याला तेवढी तापू देत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. ताप मोजायचे थर्मामीटर ४२ अंशांवरच संपते. तेव्हा ओळखीच्या एका शाळामास्तरांकडून प्रयोगशाळेतले थर्मामीटर आणले. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीनच कपडे पातळ पसरून तोंड बांधले आणि दुपारी पत्र्यावर ठेवले, तर आत ५५ च्या वर गेले. त्याच पिशवीत जाड वाकळ कोंबली, तर तिच्या मधल्या थरात ४१! बाहेरून हात भाजत होता आणि आत ढेकूण मजेत. म्हणून सांगते, उन्हात ठेवायचे तर थोडे, पातळ आणि उलटसुलट करून ठेवा. गादी-वाकळीसाठी उन्हावर विसंबू नका.

सुती कापडाला सगळ्यात खात्रीचे म्हणजे कढत पाणी. ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास राहिले की ढेकूण, पिल्ले, अंडी सगळे जाते. आपल्या सोलापुरी चादरी सुती असतात, त्या हे सोसतात. नवी चादर मात्र वेगळी भिजवा, रंग जातो. वाकळ मी मोठ्या पातेल्यात तासभर उकळत ठेवली. ओली वाकळ उचलायला दोघे लागतात, भाजणार नाही एवढे जपा. नायलॉनची साडी, टेरिकॉटचा शर्ट उकळता येत नाही. त्याला कापडाला सोसेल एवढी गरम इस्त्री, उलट बाजूने, शिवणी आणि दुमडींवर हळूहळू फिरवायची.

आणखी एक. कपडे हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाऊ नका, वाटेत ढेकूण गळतात. खाटेजवळच पिशवीत भरून तोंड बांधा. धुऊन आलेले दुसऱ्या, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा. खाट भिंतीपासून हातभर दूर ओढा, तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओता, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका. वाट्यांतले पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डास होतात. हे सगळे दहा दिवसांनी पुन्हा करायचे. राहिलेल्या अंड्यांतून पिल्ले निघतात, ती मोठी होऊन अंडी घालण्याआधीच गाठायची.

शेजारच्या आक्का म्हणाल्या, "कशाला एवढा कुटाणा? औषध मार." त्यांच्या लहानपणी हिवतापाचे फवारणीवाले येत आणि भिंतींवर डीडीटी मारून जात. सुरुवातीला ढेकूणही मरायचे. पण ढेकूण त्या विषाला सरावले. आताच्या पुष्कळ औषधांनाही ते दाद देत नाहीत. अंथरुणावर फवारलेले विष मात्र लेकरांच्या नाकातोंडात जाते. काही जण धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवतात. बायांनो, हे कधीही करू नका. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो आणि झोपलेले माणूस उठत नाही. बंद भिंतीपलीकडच्या घरातही तो शिरतो. अंथरुणावर रॉकेल शिंपडणेही तसेच, एका ठिणगीचे काम.

राहिला शर्टांचा गठ्ठा. ते साठही शर्ट मी शिवण-शिवण तपासले, इस्त्री फिरवली, स्वच्छ पिशवीत बांधले आणि शेठना जाऊन खरे सांगितले. आमचे हे म्हणाले होते, "गप्प बस, कुणाला कळतंय?" पण ते कपडे लेकरांच्या अंगावर जायचे होते. शेठनी गठ्ठा ठेवून घेतला आणि म्हणाले, "बाई, आता जूनमध्ये बघू." सुगीचा महिना हातचा गेला. त्या महिन्यात लेकीच्या खानावळीचे पैसे उसने आणून भरले. तरीही पुन्हा वेळ आली तर मी सांगेनच.

आणि एकट्या माझ्या घरातले मारून उपयोग नव्हता. आमच्या रांगेत नऊ घरे, भिंतीला भिंत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी मन घट्ट करून म्हणाले, "आमच्यात ढेकूण झालेत." क्षणभर कुणी बोलेना. मग आक्काच म्हणाल्या, "आमच्यात बी हायेत की, दिवाळीपासनं." मग आणखी दोघी बोलल्या. नऊपैकी चार घरांत ढेकूण, आणि प्रत्येकीला वाटत होते, आपल्याच घरी आहेत! दिवाळीपासून भिंतीपलीकडे होते ते, आणि मी लेकीच्या बॅगेला बोल लावला होता.

त्या दिवसांत नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी यायचे. म्हणून ठरवले, पाणी येईल त्या दिवशी चारही घरांनी एकदमच काढायचे. दोन चुली मांडल्या, पातेली गोळा केली. कोणी लाकूड आणले, कोणी पाणी ओतले, पुरुषमाणसांनी खाटा उचलल्या. दहा दिवसांनी पुन्हा तेच. मेच्या मध्यापर्यंत चारही घरे शांत झोपू लागली.

२३ मेला बुद्धपौर्णिमा होती. मी तीच पांढरी साडी नेसले. पदरावर एक फिका डाग राहिला आहे, तो गेला नाही. लेकीने निऱ्या धरून दिल्या. मी तिला म्हटले, "चुकलं माझं त्या दिवशी." ती म्हणाली, "राहू दे गं आई." वसतिगृहात परतल्यावर तिने स्वतःच खोलीतल्या मुलींना बसवून कढत पाण्याचा हिशेब समजावला.

तुमच्या घरात ढेकूण निघाले तर लेकराला बोल लावू नका आणि शेजारणीपासून लपवू नका. आधी सांगा, मग पाणी तापत ठेवा.