आज कोणाचा वार?

आमच्या आजोबांना सगळी आळी आप्पा म्हणत असे. 1922 साली जावळीच्या डोंगरातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि 2016च्या श्रावणात, 94व्या वर्षी, वाईतल्या राहत्या घरी ते गेले. मधली बत्तीस-तेहेतीस वर्षे त्यांनी हायस्कुलात गणित शिकविले. त्यांच्या नावावर एवढेच नोंदण्यासारखे आहे. बाकीचे आयुष्य स्वयंपाकघराच्या पाटावर घडले.

वार लावून जेवणे म्हणजे काय, हे आता नातवंडांना समजावून सांगावे लागते. आपल्या ज्येष्ठ वाचकांपैकी काहींनी ते अन्न खाल्लेही असेल. शिक्षणासाठी गावात आलेल्या गरीब मुलाने सात घरे धरायची आणि आठवड्यातून एक दिवस प्रत्येक घरी जेवायचे. आप्पा अकराव्या वर्षी असेच वाईला आले. सहा घरांविषयी ते प्रेमाने बोलत. शनिवारच्या घराविषयी मात्र एकच वाक्य सांगत, "तिथे भात वाढण्याआधी पातेल्यात डोकावून बघत असत."

त्या डोकावण्यातून आमच्या घरातला नियम जन्माला आला. आप्पांचा संसार उभा राहिल्यावर आमच्याकडे वार लावलेली मुले जेवू लागली, आणि त्यांच्यापैकी कोणालाही "आणखी हवे का?" असे विचारायचे नाही, अशी आजीला ताकीद होती. विचारले की ते पोर 'नको'च म्हणणार. तेव्हा विचारायचे नाही, वाढायचे. 1972च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळू लागली. तिच्या भाकऱ्या थापताना तुटत, आजी वैतागे. पण वार बंद झाला नाही. माण तालुक्यातला एक मुलगा त्या वर्षी मंगळवारी येत असे. तो एका वेळी किती भाकऱ्या खाई, हे आजी कौतुकाने सांगू लागली की आप्पा तिला थांबवीत. मोजायचेही नाही!

नव्वदीनंतर आप्पांची स्मृती विरत गेली. त्यांची शुश्रूषा करणारी माझी आई स्वतः सत्तरीची, गुडघ्यांनी बेजार. मी पुण्याहून नोकरीतली रजा घेऊन येत-जात असे. पहिली काही महिने मी मनात एक फुशारकी बाळगून होते की आप्पांना काही कमी पडत नाही. "आप्पा, पाणी देऊ?" "नको, बाळ." "दूध?" "नको." त्यांच्या 'नको'चा आम्ही मान राखीत होतो.

2015च्या वैशाखात दोन दिवसांत त्यांचे सारे बिघडले. रात्रभर जागे, भिंतीवर मुले बसली आहेत असे म्हणायचे, मला ओळखेनात. वय झाले, आजार वाढला, असे आम्ही धरून चाललो. डॉक्टरांनी मात्र आधी लघवी तपासायला सांगितली. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. वृद्ध माणसात अशा संसर्गाला ताप वा जळजळ असेलच असे नाही. अचानक वाढलेला गोंधळ हेच कधी कधी त्याचे पहिले लक्षण असते, हे मला तेव्हा कळले. औषधाने आठवड्यात भिंतीवरची मुले गेली. आणि मग आईला एक गोष्ट आठवली. खिडकीखालच्या तुळशीच्या कुंडीत सदा ओल असे. आप्पा हातात दिलेला पेला तिथे रिकामा करीत होते. रात्री लघवीला उठायचे म्हणजे कोणाला तरी हाक मारावी लागणार. त्यापेक्षा पाणीच न पिणे त्यांनी पत्करले होते.

मी त्या रात्री पुष्कळ रडले. ज्या घरात 'विचारायचे नाही, वाढायचे' हा नियम होता, त्या घरात आम्ही त्यांना रोज विचारीत होतो.

मग पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली. दर तासाला अर्धा पेला पाणी, कधी ताक, कधी भाताची पेज, कोणीतरी शेजारी बसून प्यावयाचे आणि त्यांनाही द्यायचे. संध्याकाळनंतर प्रमाण कमी. (हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती, हे डॉक्टरांनाच विचारावे.)

जेवणाचा पेच राहिलाच. ताट पुढे आले की आप्पा विचारीत, "आज कोणाचा वार?" मी समजावीत असे, "आप्पा, आता मुले येत नाहीत. ती पद्धत कधीच बंद झाली." ते मान फिरवून घेत. घास तोंडाशी नेला तर ओठ घट्ट मिटलेले. मला राग येई. एकदा मी ताट आपटलेही. खोटे कशाला सांगू?

सुटका केली ती मदतीला येणाऱ्या मावशींनी. एका बुधवारी त्यांनी आपली डब्यातली भाकरी काढली, आप्पांसमोर मांडी घातली आणि म्हणाल्या, "आज माझा वार हाय, आप्पा." आप्पांनी त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्या ताटात भाजी आहे ना याची खात्री केली आणि स्वतः जेवू लागले. त्या दिवसापासून दोन ताटे मांडली जाऊ लागली. त्यांना ताठ बसवून, लहान घास, मऊ अन्न, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, ही पथ्ये होतीच. पण घास पोटात जाऊ लागला तो दुसऱ्या ताटामुळे. सोमवारी आई बसे, रविवारी मी. त्यांच्याशी खोटे बोलतो आहोत, अशी टोचणी प्रथम लागली. नंतर ती गेली, कारण मी खरोखरीच त्यांच्याकडे जेवत होते.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात एक गृहस्थ चौकशी करीत आले. साठीला टेकलेले, पांढरे केस, नुकतेच शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. दुष्काळाच्या वर्षीचा माणचा मुलगा तो हाच. त्यांनी आप्पांच्या पायांवर डोके ठेवले, आपले नाव सांगितले, गाव सांगितले. आप्पांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. ते गृहस्थ ओशाळून उठू लागले, आणि जाता जाता म्हणाले, "सर, माझा मंगळवार होता."

आप्पांनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिले.

"उशीर केलास," ते म्हणाले. "जा, हात धुऊन ये."