औंधच्या डोंगराखालचे छप्पर

साताऱ्याहून औंधला निघालात तर रहिमतपूरला घटकाभर जरूर थांबा. विजापूरच्या मुहम्मद आदिलशाहाचा सरदार रणदुल्लाखान याचा मकबरा आणि मशीद तिथे आहे. सतराव्या शतकातले हे दगडी काम. इतकी वर्षे ऊनपाऊस खाऊनही उभे आहे. दगडाचे एक बरे असते, माणसांनी दुर्लक्ष केले तरी तो दोन-चारशे वर्षे सहज तग धरतो. पुढे औंधच्या परिसरात मी जे घर पाहायला निघाले होते, त्याला हे सुख नाही. ते दोन पावसाळे कुणी पाहिले नाही, तर तिसऱ्याला खाली बसते.

औंध आता खटाव तालुक्यातले गाव आहे. स्वातंत्र्यापूर्वी ती पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होती. संस्थान लहान, त्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. औंध इकडे, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये संग्रहालय बांधले. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मुलाचे शिल्प आहे, हस्तिदंती आणि चंदनी कामही आहे. मुलांना घेऊन जा, अर्धा दिवस कमी पडेल. त्याच सुमारास राजांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायचे ठरवले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर यांनी गांधीजींकडे जाऊन सल्ला घेतला आणि १९३९ मध्ये औंधला स्वराज्याची घटना मिळाली. सल्ला देणारे गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळ मातीच्या झोपडीत राहत होते. ही गोष्ट इथे उगाच सांगत नाही, पुढे तिचे काम आहे.

संग्रहालयात जे जपले आहे ते कुलूप लावून जपता येते. डोंगरावरून खाली पाहिले की दिसणारी जुनी घरे मात्र तशी जपता येत नाहीत. खटाव-माणचा हा मुलूख पाऊसकमी. म्हणून इथे दोन तऱ्हेची घरे होत. ज्याची ऐपत त्याचे धाब्याचे घर : लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, वर पाला आणि त्यावर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. सपाट धाब्यावर धान्य वाळते, उन्हाळ्यात माणसे झोपतात. ज्याची ऐपत नाही आणि जो रानात वस्ती करून राहतो, त्याचे छप्पर. 'बनगरवाडी'तला आयबू ज्यांना आठवतो त्यांना हा मुलूख आणि ही घरे नव्याने सांगायला नकोत.

आमच्या मामूंचे छप्पर औंधपासून थोड्या अंतरावर रानात आहे. मरहूम नानांनी ते बांधले. नाना गावचे मुलाणी. बलुत्याचे धान्य मिळे, त्यावर भागत नसे, म्हणून थोडे रान करीत. घर बांधायला त्यांनी पैसा असा फारसा घातलाच नाही. घातली ती माणसांची मेहनत आणि बांधावरची झाडे.

या घराचा सारा जीव मेढींत आहे. मेढ म्हणजे टोकाला नैसर्गिक बेचके असलेला खांब. तीन उंच मेढी मधोमध एका ओळीत, त्यांच्या बेचक्यांत आडवे बसवलेले लांबलचक आढे. दोन्ही अंगांना बुटक्या मेढी आणि त्यांवर तुळया. आढ्यापासून तुळयांपर्यंत उतरते वासे, वाशांवर आडव्या काठ्या, आणि हे सगळे घायपाताच्या वाखाच्या दोरीने आवळलेले. अख्ख्या सांगाड्यात खिळा नाही. आढे कडुलिंबाचे आहे, कारण कडू लाकडाला वाळवी लवकर लागत नाही. मेढी बाभळीच्या. त्या जमिनीत पुरल्या असत्या तर ओलीने बुंध्याशी कुजल्या असत्या. नानांनी त्या दगडी तळखड्यांवर उभ्या केल्या. भिंती तुराट्यांच्या कुडाच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेल्या. भिंतींवर छपराचे ओझे नाहीच. कूड पडला तरी छप्पर उभे राहते, आणि कूड नवा करायला दोन दिवस पुरतात.

छप्पर शाकारताना खाली उसाचे पाचट आणि वर माळावरच्या गवताच्या पेंढ्या घालतात. सुरुवात वळचणीकडून करायची आणि थरावर थर चढवत आढ्याकडे जायचे. पाण्याचा थेंब एका काडीवरून दुसरीवर घसरत वळचणीला येतो. उतार चांगला असला तर तो आत शिरायच्या आधीच खाली पोचतो. उतार मंद केला की छप्पर गळलेच. वळचण इतकी खाली असते की दारात वाकावे लागते. आत शिरले की मे महिन्यातही सावली जाणवते. सारवलेल्या जमिनीवर चटई, चटईवर जानमाज, कोपऱ्यात उतरंड. माझ्या लहानपणचे उन्हाळे त्या सावलीत गेले.

आता दुरुस्तीचे. पूर्वी चुलीचा धूर छपरात मुरत असे. वासे काळेभोर, चकचकीत झालेले. त्या धुराने कीड मरे, गवत कोरडे राही. मामींच्या घरात गॅस आला आणि दोन-तीन वर्षांत वाशांतून पिवळा भुसा गळू लागला. धुराने मामींचे डोळे जात होते, गॅस आला हे फार चांगले झाले. पण छपराचे औषध गेले ते गेलेच.

"छप्पर जपा म्हणतेस, बेटी," मामी म्हणाल्या, "तुम्ही शहरातून येता, फोटो काढता. सारवायचं मला असतं. पावसात उंदीर, साप मला बघायचे असतात." या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. जुन्या घरांचे कौतुक करणाऱ्या लेखांत ही मामी सहसा नसते.

मामूंना घरकुल मंजूर झाले आहे. २०१६ पासूनच्या केंद्राच्या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे लागते. सरकारी भाषेत नानांचे घर 'कच्चे'. कच्चे म्हणजे पाडून टाकण्याजोगे असा अर्थ आपण परस्पर लावून घेतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती कोसळल्या आणि धाब्यांची माती झोपलेल्या माणसांवर आली. तरीही कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला दिसला. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला. दोरीने बांधलेला सांगाडा हलतो, कुरकुरतो, पण सहसा मोडत नाही. गवत अंगावर पडले तरी माणूस झाडून उठतो. हे शहाणपण कच्चे म्हणायचे की पक्के?

साधे घर पाडताना हळहळणे हे काही आजचे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मस्जिदीचे पहिले खांब खजुराचे बुंधे होते आणि छप्पर खजुराच्या झावळ्यांचे, पाऊस आला की ते गळे. शेजारचे हुजरे कच्च्या विटांचे, काही तर झावळ्यांना माती लिंपलेले. लहानपणी तिथे छताला आपला हात पोचत असे, असे हजरत हसन बसरी सांगत. पुढे खलिफा वलीदच्या हुकमाने, सन ७०७ च्या सुमारास, मस्जिद वाढवण्यासाठी ते हुजरे पाडले गेले तेव्हा मदिनेचे लोक रडले. ते तसेच राहू दिले असते तर पुढच्या लोकांना प्रेषितांची राहणी डोळ्यांनी दिसली असती, अशी खंत सईद बिन मुसय्यब यांनी बोलून दाखवली. मस्जिद वाढवणेही गरजेचे होते. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की निर्णय अवघड होतो.

सेवाग्रामची बापूकुटी अजून उभी आहे. माती, बांबू, लाकूड, वर कौले. जवळपास मिळणारा माल आणि तिथलेच कारागीर. ती टिकली कारण तिला लिंपणारे हात थांबले नाहीत. जपानमध्ये शिराकावा नावाचे गाव आहे. तिथली उंच गवती छपरांची घरे १९९५ मध्ये जागतिक वारसा ठरली. एका घराचे छप्पर बदलायचे असले की शंभराहून अधिक माणसे जमतात आणि एक-दोन दिवसांत काम उरकतात. वासे टिकावेत म्हणून घरात मुद्दाम शेगडी पेटती ठेवतात. वाचताना मला मामूंचा भुसा गळणारा वासा आठवला, आणि आपली इर्जिकही. नानांच्या वेळी शाकारणीला सगळी वस्ती यायची. मराठे, धनगर, रामोशी असत, आणि दुपारी सगळ्यांना नानीच्या हातची भाकरी आणि आमटी. आता मजुरी देऊनही माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याला पत्रा ठोकता येतो, पेंढी लावता येत नाही. वस्तीवर शाकारता येणारे दोनच म्हातारे उरलेत. त्यांतले एक मामू.

बोलणे बरेच झाले, थोडे वादही झाले. शेवटी असे ठरले : घरकुल रस्त्याकडेला बांधायचे, मामींना पाण्याचा नळ आणि न्हाणीघर मिळालेच पाहिजे. छप्पर पाडायचे नाही. त्याचा अर्धा भाग शेळ्यांना आणि अर्धा उन्हाळ्यात झोपायला. मागच्या अंगाची एक मेढ वाकली आहे, ती दिवाळीनंतर बदलायची. बांधावरचे बाभळीचे झाड मामूंनी हेरून ठेवले आहे. थंडीत एक चूल तिथे पेटवायची, निदान पाणी तापवायला. माझ्या भाच्याने बारावीची परीक्षा झाली की शाकारणीला यायचे कबूल केले आहे. मामूंनी त्याला आतापासूनच वाख वळायला बसवले. पहिल्या दिवशी बोटे सोलली, दुसऱ्या दिवशी हातभर दोरी झाली.